सतराव्याचं नाव

रविवार, २ तारीख

अगं,

सुखरूप पोचलो. कबूल केल्याप्रमाणे रोज या वहीत लिहीन आणि दर शनिवारी पानं फाडून टपालात टाकीन. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि तू ओरडून सांगितलेलं उरलेलं अर्धं अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. त्यापेक्षा हे बरं.

आधी घरची चौकशी. तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना डावा अजून कुरकुरतो का? सूनबाईला कमरेचा पट्टा आणून दिला होता, तो बांधते की नुसता खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवते? चिरंजीवांचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर सिगारेट थांबलेली नाही, हे माझं निदान, आणि त्याला कुठलं यंत्र लागत नाही. नातीचा कान दुखायचा राहिला का? खालच्या मास्तरांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? आणि मांजर जेवतंय ना, की माझ्या खुर्चीत बसून रुसलंय?

माझं झकास आहे. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खाटेखाली माझी ट्रंक बरोबर बसते, खिडकीतून धोबीखान्याचं धुराडं दिसतं. घरमालकीण कमी बोलते, म्हणजे देवमाणूस.

उद्या कामावर रुजू. तीन आठवडे हंगामी, मग कायम करायचं की नाही ते मोठे डॉक्टर ठरवणार. चोवीस तारखेची, सोमवारची रजा मी आत्ताच लिहून घेतली आहे. कायम झाल्याचा कागद खिशात घालूनच घरी येईन. आमच्या जुन्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला तेव्हा चिरंजीव काय म्हणाले होते, आठवतंय ना? बाबा, आता पदविकेशिवाय तुम्हाला कोण विचारणार! त्या एका वाक्याच्या नाकासमोर धरायला मला तो कागद हवा आहे. दुसरं काही नको.

सोमवार, ३ तारीख

एक्स-रे विभाग तळघरात आहे. जिना उतरलं की लांबलचक बाक, बाकासमोर खिडकी, खिडकीत कारकून. त्याला सगळे टाचणी म्हणतात, कारण दिसेल त्या कागदाला तो टाचणी मारतो. माझ्या रुजू होण्याच्या कागदाला तीन मारल्या. त्याच्याकडे पितळेची सोळा टोकनं आहेत. सकाळी सोळा माणसं, दुपारी साडेबाराला काम बंद. आत यंत्र, टेबल, छातीच्या फिल्मसाठी भिंतीला लावलेली पाटी, कोपऱ्यात काचेची चौकी जिथून आपण बटण दाबायचं, आणि मागे फिल्म धुवायची अंधारखोली. सगळं नीटनेटकं आहे. डोळ्यांत भरतं ते काम नाही, तर भिंतीवरची चौकट.

चौकटीत छापलंय: तंत्रज्ञाची अर्हता व कर्तव्ये. अर्हता म्हणजे विज्ञान घेऊन शाळा पुरी, त्यावर दोन वर्षांची पदविका, त्यावर वर्षभर रुग्णालयात उमेदवारी, त्यावर नोंदणी क्रमांक. आणि तो क्रमांक दर पाच वर्षांनी ताजा करून आणायचा, पावासारखा. मी जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली झाडू मारता मारता शिकलो. हाडं मला चेहऱ्यांसारखी ओळखू येतात. पण पाव शिळा, त्याला काय करणार!

कर्तव्यं चौदा. वाचत गेलो आणि हसत गेलो. रोग्याशी सौजन्याने बोलावे. हे शिकायला दोन वर्षं? अंगावरचा धातू काढायला सांगावा, बाईमाणसाला दिवस गेले आहेत का ते आधी विचारावे, शिशाचा एप्रन द्यावा, स्वतःचा बिल्ला छातीवर लावावा, डाव्या-उजव्याचा शिक्का दोनदा तपासावा. दोनदा! डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे ज्याला दोनदा बघावं लागतं, त्याने चप्पल तरी कशी घालायची? आणि तिसरं कलम तर वरताण: प्रत्येक रोग्यास नाव विचारावे, कागदाशी ताडून पाहावे, त्याशिवाय बटण दाबू नये. त्याच्याखाली कुणीतरी लाल शाईने हातानं लिहिलंय, 'टोकन नाही त्याची फिल्म नाही. सोळा म्हणजे सोळा.'

टाचणीला विचारलं तर तो खुदखुदायला लागला. म्हणे, हे अक्षर आधीच्या तंत्रज्ञाचं. गेल्या महिन्यात निवृत्त झाला. बावीस वर्षं इथे काढली, भिंतभर प्रमाणपत्रं. रोज साडेबाराला सोळावा माणूस गेला की हा रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहायचा आणि मोठ्यांदा म्हणायचा, 'नाव सांगा.' मग थोडा वेळ थांबायचा, यंत्र बंद करायचा, कुलूप लावायचा आणि जेवायला जायचा. रोज. सगळे त्याला नावसांग्या म्हणायचे.

मला हसू आवरेना. भिंतीला नाव विचारायला एवढी पदविका लागते तर! मी टाचणीला म्हटलं, बरं झालं मी शिकलो नाही, नाहीतर टेबलाची जन्मतारीख विचारत बसलो असतो.

मी कुणाला नावबिव विचारलं नाही. कागद असतो, माणूस समोर असतो, आणखी काय पाहिजे? शिशाचे माझे दोन शिक्के, जुन्या डॉक्टरांनी दिलेले, डावा आणि उजवा, दोन्हींवर माझं आद्याक्षर, अजून खिशात आहेत. फिल्म कशीही फिरवली तरी माणसाची डावी बाजू कुठली ते त्या शिक्क्यावरून कळतं, आणि ती कुणी काढली तेही. सोळा माणसं साडेअकरालाच उरकली. टाचणीचं तोंड उघडंच राहिलं.

एक गंमत झाली. सोळावी फिल्म धुऊन बाहेर आलो तर पाटीपाशी आणखी एक जण उभा. छातीच्या फिल्मला माणूस पाटीला छाती लावून उभा राहतो, म्हणजे आपल्याकडे पाठ. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. न सांगता इतका बरोबर उभा राहिलेला रोगी मी जन्मात पाहिला नव्हता. म्हटलं टाचणीने आत सोडला असेल. श्वास घ्या, धरा, सोडा. फिल्म धुऊन येईपर्यंत बेटा निघूनही गेला होता.

टाचणी अडून बसला. टोकनं सोळा, फिल्मा सतरा, सतरावीला नाव कोणाचं लावू? फिल्म बिननावाची राहता कामा नये. मी म्हटलं, कशाला डोकं खातोस, माझं लाव, चाचणी म्हणून. यंत्र तपासायला सगळेच तंत्रज्ञ असं करतात. त्याने माझं पूर्ण नाव लिहिलं आणि टाचणी मारली.

मंगळवार, ४ तारीख

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. वयाने चिरंजीवांएवढे असतील. फिल्म अशी वाचतात, जणू बसची वेळ बघतायत. कालची चाचणीची फिल्म उजेडावर लावून म्हणाले, तुमचं हृदय उजवीकडे दिसतंय, काका, शिक्का उलटा लावलात ना? मी म्हटलं, चाळीस वर्षांत कधी लावला नाही. ते म्हणाले, मग तुम्हाला प्रदर्शनात ठेवायला हवं. बाजूची परिचारिका हसली. मीही हसलो, पण आतून कढ आला.

तुला म्हणून सांगतो. लागला असेल उलटा. डावा शिक्का मी डाव्या खिशात ठेवतो, काल सोळाव्यानंतर दुसरा एप्रन चढवला होता, खिसे उलटसुलट. पण चाचणीच तर होती. कुणाचं काय बिघडलं?

आज साडेबाराला सतरावा पुन्हा उभा. वेगळा असेल कुणी. पाठीवरून काय कळणार? काढून टाकली. नाव माझंच लावलं.

गुरुवार, ६ तारीख

आज एक शिकलेली बाई रुजू झाली. पदविका, उमेदवारी, सगळं. नोंदणी क्रमांक छातीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लावून फिरते, म्हणून मी तिचं नाव क्रमांकताई ठेवलं. हात-पाय-डोकं ती काढणार, छात्या मी. बाराला ती घरी जाते, तान्हं मूल आहे.

येईल त्याला नाव विचारते. एका म्हातारबुवांना दारात विचारलं, टेबलावर निजवून पुन्हा विचारलं. ते वैतागले, 'अगं बाई, आत्ताच सांगितलं ना?' ही म्हणते, 'पुन्हा सांगा, आजोबा.' ते म्हणाले, 'तेवढ्यात बदललं नाही हो!' बाकावरचे सगळे हसले. मी चौकीतून म्हटलं, ताई, आता टेबलालाही विचार, तेही ताटकळलंय. ती शांतपणे म्हणाली, काका, चूक एकदाच होते, फिल्म मात्र कायम राहते.

पाठांतर चांगलं आहे पोरीचं. मूल सांभाळून तळघरात येते, दया येते. पण अक्कल पुस्तकात शोधणाऱ्यांची मला कायम दयाच येत आली आहे.

सतरावा आज परत आला. रोजच कसा येतो, असं टाचणीला विचारलं. तो म्हणाला, सोळाव्यानंतर मी कुणालाही आत सोडत नाही. झोपा काढत असेल.

शनिवार, ८ तारीख

आज पानं पाठवतो आहे. चष्म्याची दांडी तुटली होती, ती मीच दोऱ्याने बांधली.

एक क्षुल्लक गोष्ट. आज सतराव्याची पाठ जरा नीट पाहिली. सदऱ्याच्या कॉलरला रफू होतं, पांढऱ्यावर निळ्या दोऱ्याने. तू माझ्या कॉलरला केलंस तसंच, पांढरा दोरा संपला म्हणून. म्हटलं, जगात दोरा संपणारी तू एकटीच नाहीस.

सोमवार, १० तारीख

सतराव्याच्या सहा फिल्मा ओळीने उजेडावर लावल्या. एकाच माणसाच्या आहेत. हे मला पाठीवरून कळलं नाही, पण बरगड्यांवरून कळतं.

पहिली अगदी पुस्तकातल्यासारखी. कुठे ओरखडा नाही, वयाची खूण नाही. अशी छाती मोठ्या माणसाला नसतेच. दुसरीत खांदे थोडे उतरलेले. तिसरीत मणक्याला माझ्यासारखा बाक. चौथीपासून पाचव्या बरगडीवर गाठ, जुनं हाड मोडून सांधल्याची. माझी तीच बरगडी, आठवतं ना? तुझे पडदे लावताना स्टुलावरून पडलो होतो, आणि तू आधी पडदा फाटला का ते पाहिलंस. ती गाठ मी कुठेही ओळखीन. फक्त माझी डावीकडे आहे, याची उजवीकडे. हृदयही उजवीकडे. पहिल्या दिवशी शिक्का जसा लागला होता, अगदी तसं.

बरगड्या काय, कुणाच्याही मोडतात. पडदे सगळ्यांच्याच घरात असतात.

बुधवार, १२ तारीख

क्रमांकताईला म्हटलं, यंत्र नीट नाही वाटत, माझी छाती काढ बघू. मी पाटीला लागून उभा राहिलो. ती चौकीतून म्हणाली, काका, नाव सांगा. मी म्हटलं, अगं, सकाळपासून सोबत आहोत. ती म्हणाली, नियम. मग सांगितलं, मोठ्या थाटात, वडिलांच्या नावासकट. खरं सांगू? वडिलांच्या नावाशी जरा अडखळलो. ती हसली नाही.

फिल्म धुतली. हृदय डावीकडे, ठीक. पण पाचवी बरगडी सरळ. गाठ नाही. शर्टात हात घालून चाचपलं, थंडीत दुखणारी ती जागा. बोट नुसतं घसरलं.

शुक्रवार, १४ तारीख

सकाळी हजेरीवर सही करायला गेलो तर सही झालेली. माझीच, शेवटच्या शेपटीसकट. टाचणी म्हणाला, आत्ताच तर करून गेलात, आणि तो मांजराचा किस्सा सांगितलात, माझ्या पोटात दुखायला लागलं हसून. किस्सा मी आज सांगणार होतो. जिना उतरताना तोंडात जुळवत होतो.

मला नाही हसू आलं.

शनिवार, १५ तारीख

आज ठरवलं, थोबाड बघायचंच. साडेबाराला अंधारखोलीतून आलो. उभा होताच. पाटी भिंतीला लागून, पुढे जायला वाव नाही. चौकीत गेलो आणि नावसांग्याची नक्कल करत, नाकातून आवाज काढत म्हटलं, 'नाव सांगा.'

त्याने सांगितलं.

पाठ न वळवता. माझं, वडिलांचं, आडनाव. वडिलांच्या नावाशी न अडखळता. आवाज माझा होता.

मी बटण दाबलं नाही. पण बारा दिवसांनी विचारून काय उपयोग? नावसांग्या रोज विचारायचा, पहिल्याच दिवसापासून. म्हणून सतराव्याकडे सांगायला कधी काही नव्हतं. नाव मी दिलं. स्वतःच्या तोंडाने टाचणीला सांगून, लिहून दिलं.

या आठवड्याची पानं आज पाठवत नाही. उगाच घाबरशील.

सोमवार, १७ तारीख

नोंदवहीत माझं नाव शोधायला गेलो. आहे, पंधरा दिवसांचं. अक्षरं दिसतात. वाचतो, आणि पुढच्या अक्षरावर गेलो की मागचं सुटतं.

शिशाचे शिक्के खिशातून काढले. गुळगुळीत. आद्याक्षराच्या जागी नुसतं शिसं.

सतराव्याला बघितलं. चौकीत, माझा एप्रन, माझा बिल्ला. सोळा जणांना एकेक करून उभं करत होता. चेहरा अगदी बरा आहे. मनमिळाऊ. मी असाच दिसतो? म्हाताऱ्या बाईला हात धरून उतरवलं, 'जपून, आई' म्हणाला. ते मी म्हणतो.

नक्कल करायला निघालास आणि माझा चांगुलपणा तेवढा उचललास. चोरा. माझी खोड उचलून दाखव.

मंगळवार, १८ तारीख

क्रमांकताई डबा आणायला गेली आणि तोही बाहेर होता, तेव्हा माझी फिल्म काढली. चौकीतलं बटण लांब दोरी बांधून ओढलं. हसशील.

जिथे हाड असतं तिथे फिल्म पांढरी राहते. किरण अडले नाहीत तर काळी होते.

काळी. कडेपासून कडेपर्यंत. मी पाटीला छाती लावून उभा होतो, आणि किरणांना कुणी अडवलंच नाही.

गुरुवार, २० तारीख

टाचणीच्या खिडकीशी गेलो. त्याने वर न बघता विचारलं, टोकन? मी म्हटलं, अरे, मी. तो म्हणाला, टोकन नसेल तर उद्या सकाळी या. माझ्याशी बोलत होता की नाही कुणास ठाऊक. माझ्या पलीकडे बघत होता.

मोठ्या डॉक्टरांनी त्याला कायम केलं. सगळ्यांसमोर हात मिळवला. म्हणाले, काका, पदविका नसली म्हणून काय झालं! चिरंजीवांना दाखवायचा कागद त्याच्या खिशात गेला. घडी घालून, तुझ्या रफूच्या सदऱ्यात.

तो कागद. त्याच्यासाठी इथे आलो होतो ना.

शुक्रवार, २१ तारीख

साडेबारा. तो कागदांवर सह्या करायला वर गेला होता. क्रमांकताई आज थांबली होती. मी पाटीपाशी जाऊन उभा राहिलो. हनुवटी वर, कोपरं पुढे. एक फिल्म. माझ्या नावावर एकच फिल्म निघाली तर मी पुन्हा—

ती दारात आली. बराच वेळ पाठीकडे बघत असावी. मग म्हणाली, 'नाव सांगा.'

तोंड उघडलं. जीभ हलली. काहीच नव्हतं तिथे.

तिने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग यंत्र बंद केलं, कुलूप लावलं.

शाबास, पोरी. तुझी टर उडवली मी. बाकाला हसवलं. माझं ज्ञान, माझा हात, माझी चाळीस वर्षं! साधा प्रश्न विचारायचा होता. पाच वर्षांच्या पोराला जमतो तो. थू माझ्यावर.

दुसरा कुणी येईल कधीतरी. माझ्यासारखा, स्वतःला शहाणा समजणारा. तो विचारणार नाही. त्याचं नाव मला मिळेल. पण मी घेणार नाही. हे तुला सांगून ठेवतो. मी घेणार नाही.

शनिवार, २२ तारीख

तो सोमवारी माझ्या रजेवर येतोय. तुझ्याकडे.

एक खूण आहे. ऐक. त्याचं हृदय उजवीकडे आहे. माझ्या चुकीच्या शिक्क्याने. फिल्म जे म्हणते तेच तो होतो. छातीवर कान ठेव, तुम्हाला दम लागलाय असं काही सांगून. ठोका उजवीकडे पडला तर तो मी नव्हे. सूनबाईला आणि नातीला घेऊन मास्तरांकडे जा. कडी लावून—

रविवार, २३ तारीख

नाही. खूण गेली.

काल दुपारी मोठे डॉक्टर म्हणाले, कायम होताय, तर कागदपत्रांत ती उलटी फिल्म नको. क्रमांकताईने थांबून नवी काढली. नाव विचारलं. त्याने सांगितलं. शिक्का दोनदा तपासला. नियमाप्रमाणे.

उजेडावर पाहिली मी. हृदय डावीकडे. पाचवी बरगडी, डावी, गाठ.

सगळं बरोबर आहे आता. तिची काही चूक नाही.

सोमवार, २४ तारीख

गेला. सकाळची बस. माझी ट्रंक घेऊन. घरमालकीण जिन्यापर्यंत सोडायला आली, मला कधी आली नव्हती.

बस सहा तासांची. टपाल दोन दिवसांचं. उरलेली सगळी पानं एकदम टाकतोय. टपालपेटी कुणाला नाव विचारत नाही, एवढं बरं.

तू हे वाचशील तेव्हा तो घरात असेल. माझ्या खुर्चीत. मान वर करू नकोस. वाचत राहा. चेहरा बदलू नकोस.

तू दारात 'अहो' म्हणाली असशील, तो 'हं' म्हणाला असेल. जन्मभर 'अहो' वर भागवलंस. ते कुणालाही उचलता येतं गं. माझं नाव कधी तोंडाने घेतलं नाहीस. मी हसायचो त्याला. आता तेवढंच—

मांजर बघ. हळूच. खुर्चीजवळ जातं का?

नाव विचारू नकोस. तो सांगेल. बरोबर सांगेल.

एकच कर. पाकीट घे. त्यावर माझं नाव लिही. माझं, वडिलांचं, आडनाव. तुझ्या हाताने. छापलेलं, नोंदलेलं सगळं त्याच्याकडे गेलं. तुझ्या हातचं अजून कुणी घेतलेलं नाही. माझ्या हाती आलं की वाचीन. बहुतेक वाचता येईल. पत्ता— तळघर, बाक. मी इथेच आहे. आत काही नको. कोरं चालेल.

लवकर लिही. सामानाची यादी करतेस असं दाखव. नातीला दुसऱ्या खोलीत पाठव आणि लिही. नाव पुरं कर. लवकर लिही— आणि तो उठून तुझ्या मागे येऊन उभा राहिला, आणि त्याने विचारलं, कुणाला लिहितेस, तर त्याला सांग—